काच पुसा, नाणं नको

मंडळी, स्कॅनरवर नाणं ठेवून त्याचं चित्र काढणं म्हणजे त्यात काय मोठंसं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा एखादा राणीछाप रुपया घेऊन करून बघावं. कागद कसा शहाण्या मुलासारखा असतो. काचेवर ठेवला, झाकण लावलं की निमूट पडून राहतो आणि जसा आहे तसा उमटतो. नाणं म्हणजे शेवटच्या बाकावरचं पोर! चमकतं, सावली पाडतं, एका अंगाने हसतं तर दुसऱ्या अंगाने तोंड पाडून बसतं. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे अशा पोरांची मला सवय आहे. म्हणूनच बहुधा हे काम माझ्याकडे आलं.

त्याचं झालं असं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दोन वर्षांपूर्वी गेला. दादा एसटीत कंडक्टर होता. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी या बाजूच्या गाड्यांवर त्याची हयात गेली. गळ्यातल्या चामड्याच्या पिशवीत दिवसभर सुटे पैसे खुळखुळायचे. त्यात एखादं वेगळं नाणं आलं, की संध्याकाळी हिशेब देताना तो ते बाजूला काढायचा आणि खिशातले तेवढेच पैसे त्या जागी टाकायचा. घरी आला की जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पुडी करायची, त्यात ते नाणं घालायचं, पुडीवर दोन शब्द लिहायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. झाला संग्रह! ना आल्बम, ना भिंग, ना कसली पुस्तकं.

तो डबा वहिनींनी माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही शाळेतल्या. तुम्हीच हे नीट लावा. मग पोरांना वाटून टाकू." मोजली तर २१४ नाणी भरली. वाटे तीन करायचे होते. एक भाच्याचा, एक भाचीचा आणि दादाने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे एक माझ्या मुलाचा. भाचा बंगळूरला, भाची नाशिकला, माझा मुलगा ठाण्याला. एकदा वाटण्या झाल्या की ही २१४ भावंडं पुन्हा एका ठिकाणी यायची नाहीत. म्हणून ठरवलं, की आधी सगळ्यांची चित्रं काढायची, एका पानावर लावायची, आणि मगच पुड्या वाटायच्या. निदान डोळ्यांपुढे तरी दादाचा डबा अख्खा राहील.

आता थोडं तंत्राचं सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा डबा असेल तर उपयोगी पडेल.

स्कॅनर दोन जातीचे असतात. एक असतो चपटा, हलका, हल्लीच्या बहुतेक घरगुती प्रिंटरच्या डोक्यावर बसवलेला. त्याला सीआयएस म्हणतात. त्याची नजर काचेला चिकटलेल्या वस्तूपुरतीच. वस्तू काचेपासून जराशी वर असली की चित्र धूसर. नाण्याची कड उचललेली असते, त्यामुळे आतला राजा-राणीचा चेहरा काचेला टेकतच नाही. दुसरा असतो जाडजूड, आत आरसे आणि भिंग असलेला, सीसीडी जातीचा. त्याला थोडं वरचंही स्पष्ट दिसतं. नाण्यासाठी हाच घ्यावा. माझ्या मुलाने त्याच्या ऑफिसातल्या मित्राकडून असा एक जुना मिळवून दिला. दिसायला कपड्यांच्या इस्त्रीच्या दुकानातल्या टेबलाएवढा, पण कामाचा!

डीपीआयचं गणित सोपं आहे. एका इंचात किती ठिपके, एवढंच. जुना चांदीचा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटर रुंद. ६०० डीपीआयवर त्याचं चित्र सुमारे ७२० ठिपके रुंद येतं. पडद्यावर बघायला पुष्कळ झालं. १९५७ चा एक नया पैसा मात्र जेमतेम १६ मिलिमीटरचा. त्याचे ६०० वर पावणेचारशेच ठिपके होतात, म्हणून बारक्या नाण्यांना मी १२०० लावते. खोक्यावर छापलेले मोठमोठे आकडे सोडून द्या. त्यातले बरेचसे ठिपके यंत्राने मनाने भरलेले असतात. "ऑप्टिकल" म्हणून जो आकडा दिलेला असेल तो खरा.

सगळ्यात गंमत उजेडाची. स्कॅनरच्या दिव्याचा उजेड नाण्यावर एका बाजूने पडतो. आपल्या डोळ्यांना सवय असते उजेड वरून येण्याची. सूर्य वर, दिवा वर. त्यामुळे नाणं असं ठेवलं गेलं की चित्रात उजेड खालून आल्यासारखा दिसतो, तर उठाव खळग्यासारखा भासतो. पंचम जॉर्जचं नाक आत गेलेलं! माझी नात तर म्हणाली, "आजी, हा राजा साच्यातला आहे का?" नाणं तेच, चित्र तेच, पण उलटं फिरवलं की नाक बाहेर. म्हणून आधी एक नाणं चार दिशांनी ठेवून बघायचं, उजेड डोक्याच्या बाजूने कधी येतो ते ठरवायचं, आणि मग सगळी नाणी त्याच दिशेने ठेवायची. वर्गात प्रार्थनेला जशी रांग लावतो तशी.

आणखी दोन-चार गोष्टी. नाणं काचेवर सरकवू नये, उचलून ठेवावं, नाहीतर काचेला चरे पडतात. झाकण उघडं ठेवून वर काळं कापड टाकावं. शेजारी एक मोजपट्टीचा तुकडा ठेवावा, कारण पडद्यावर बंदा रुपया आणि नया पैसा एकाच आकाराचे दिसतात आणि आपल्या नातवंडांना त्यातला फरक हातांनी कळलेला नाही. यंत्राला आपोआप रंग सुधारायची जी हौस असते ती बंद करावी, नाहीतर तांबं सोन्यासारखं पिवळं होतं आणि चांदीला निळसर झाक येते. पहिलं चित्र टिफ प्रकारात साठवून त्याला हात लावू नये. काय करायचं ते त्याच्या नकलेवर करावं आणि शेवटी पानावर टाकायला जेपेग बनवावं. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठवलं की दर वेळी थोडं झिजतं. आता नाणी झिजतात ती हातांमुळे, त्यांची चित्रंही झिजू लागली तर काय करायचं!

इथवर सगळं यंत्राचं. खरा प्रश्न पुढे येतो. चित्र संगणकावर आल्यावर त्याला किती "सुधारायचं"?

गिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा आता काय काय सोयी आहेत! ओरखडा पुसता येतो, डाग काढता येतो, झिजलेली कडा शेजारच्या भागावरून उचलून भरता येते. तासाभरात दीडशे वर्षांचं नाणं टाकसाळीतून आजच आल्यासारखं होतं. आमच्या लहानपणी आजी दिवाळीआधी देवाची भांडी आणि सोबत पूजेतले पैसे चिंच लावून लख्ख करायची. नाणी जमवणारे लोक हे ऐकून कानांवर हात ठेवतात. घासलेल्या नाण्याचा वरचा थर गेला तो गेला, परत येत नाही, आणि त्याची किंमतही उतरते. संगणकातली चिंच तशी निरुपद्रवी वाटते, कारण मूळ नाणं डब्यात सुरक्षित असतं. पण तीन घरांत वाटणी झाल्यावर आमच्यापैकी दोघांना मूळ नाणं दिसणारच नाही. त्यांच्यासाठी चित्र हेच नाणं. तिथे पुसलं ते त्यांच्यापुरतं कायमचं पुसलं. आणि उद्या कुणाला गरज पडली आणि त्याने आपला वाटा विकायला काढला (त्यात वाईट काही नाही), तर घेणाऱ्यालाही फसवल्यासारखं होईल.

म्हणून मी एक नियम केला. जे काचेवर आहे ते काढायचं, जे नाण्यावर आहे ते ठेवायचं. धुळीचा कण, काचेवरचा बोटाचा ठसा, यंत्राने बिघडवलेला रंग, तिरकं बसलेलं नाणं, हे सगळं दुरुस्त. नाणं तळहातावर घेऊन पडद्याशेजारी धरायचं आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजेड कमी-जास्त करायचा. त्यापुढे थांबायचं. हिरवा जंग, छिन्नीचे घाव, सराफाने पारख करताना मारलेला शिक्का, खिशात राहून आलेली झीज, यांना हात लावायचा नाही.

हा नियम पाळताना कसोटी लागते ती शिवराईला. दादाच्या डब्यात तीन शिवराया आहेत. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति", हे आपण सगळे जाणतोच. पण पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर मिळणं कठीण, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, शिवाय हाताने मारलेला. दादाच्या एकीवर "राजा" स्वच्छ आहे पण "श्री" अर्धा कडेबाहेर. दुसरीवर "शिव" छान आणि वरचं सगळं झिजलेलं. तिसरीवर फक्त "छत्र". माझा मुलगा म्हणाला, "आई, तिन्ही जोडून एक अख्खी करून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे." मोह झाला, खोटं कशाला सांगू! पण तशी शिवराई कधी कुणाच्या हातात नव्हती. तिन्ही शेजारी शेजारी लावली. वाचणाऱ्याने नजरेने जोडून घ्यावं. पोरांना गाळलेल्या जागा भरायला मी इतकी वर्षं लावल्या, आता मोठ्यांनीही भराव्यात.

मोठं करून बघण्याचा फायदा मात्र भरपूर. नाण्यावरच्या सालाखाली बारीक चौकट असेल तर ते मुंबईच्या टाकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. हे मला वाचून ठाऊक होतं, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही भिंगातून कधी धड दिसलं नव्हतं. पडद्यावर दिसलं! पंचम जॉर्जच्या रुपयाचीही अशीच मजा. १९११ साली निघालेल्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर जो छोटासा हत्ती होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. मोठी ओरड झाली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती घातला. दादाकडचा रुपया १९१८ चा आहे. पडद्यावर तो तळहाताएवढा केला आणि नातीला म्हटलं, शोध हत्ती. सापडल्यावर तिने अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या काकू बघायला आल्या.

एकेक पुडी उघडताना माझीही शाळा पुन्हा भरत होती. १९४३ ते ४७ या काळातला भोकाचा पैसा. युद्धात धातू वाचवायला मधलं तांबं काढून घेतलेलं. आम्ही तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचो. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले तेव्हा मी दुसरीत होते. एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस! हे असं का, ते विचारलं की गुरुजी छडी दाखवायचे. (रुपयाचे आणे सोळा आणि नये पैसे शंभर, तेव्हा आणा बसतो सव्वासहाला. पुढे वर्गात हे फळ्यावर समजावताना मला दर वेळी त्या छडीची आठवण यायची.) षटकोनी तीन पैसे, १९६८ नंतरचे कमळाचे पिवळे वीस पैसे, चौकोनी एक पैसा... ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांसकट त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. चवली, पावली, अधेली हे शब्दही त्यांच्या मागोमाग निघालेत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येते.

डब्यात एक राणीछाप रुपया आहे, १८६२ सालचा. म्हणजे नाण्यावर साल १८६२ आहे. टाकसाळीत पुढे बरीच वर्षं तेच साल घालत राहिले, त्यामुळे प्रत्यक्षात तो नंतरचाही असेल. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट, गळ्यातले दागिने, सगळं बऱ्यापैकी शाबूत. फक्त वरच्या कडेला, मुकुटाच्या माथ्यावर, डाक दिल्याचा एक काळा ओबडधोबड डाग आहे. नाण्यांच्या बाजारात असा डाग म्हणजे दोष. दागिन्यात वापरलेलं नाणं म्हणून किंमत कमी.

माझ्या भाच्याला संगणकाचं उत्तम ज्ञान आहे. मी पाठवलेली वीस चित्रं त्याने दोन रात्री जागून, स्वतःच्या हौसेने, इतकी सुंदर केली की काय सांगू! मग फोन केला.

"आत्या, राणी बघितलीस का? कोरी करकरीत केलीय. एक ओरखडा दिसणार नाही."

"बघितली रे. छान दिसतेय. पण मुकुटावरचा डाग कुठे गेला?"

"तो काढला. कुणीतरी कडी डाकवली होती त्याला. वाट लावली होती चांगल्या नाण्याची."

"पुडीवर काय लिहिलंय ते वाचलंस?"

पुडी त्याने बघितलीच नव्हती, कारण ती माझ्याकडे होती. मी वाचून दाखवलं. दादाच्या अक्षरात तीनच शब्द आहेत, "आईच्या माळेतला. उरलेला."

मग त्याला सगळं सांगितलं. आमच्या आईला लग्नात चांदीच्या अकरा रुपयांची माळ घातली होती. एवढा एकच भारी दागिना. १९५९ साली दादा मॅट्रिकला बसायचा होता. त्यासाठी साताऱ्याला राहायचं, खाणावळ, फॉर्मची फी, आणि त्या वर्षी घेवडा पार बुडालेला. आईने माळ सोनाराकडे नेली. मी सोबत होते, नऊ वर्षांची. सोनाराने चिमट्याने एकेक कडी तोडली आणि रुपये तराजूत टाकले. चांदीचा बंदा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, त्यामुळे तराजूला काही फार काम नव्हतं. दहा दिले. अकरावा आईने लक्ष्मीपूजनाला म्हणून पदरात बांधून परत आणला. दादा मॅट्रिक झाला, एसटीत लागला, आणि आम्हा खालच्या तिघांची शिक्षणं त्याच्या पगारावर झाली. माझं बीए सुद्धा.

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग भाचा म्हणाला, "बाबा कधी बोलले नाहीत हे."

नसेल बोलला. दादा बोलणाऱ्यातला नव्हताच. त्याने डब्यात ठेवलं आणि पुडीवर तीन शब्द लिहिले, एवढंच त्याचं सांगणं. तो डाग गेला असता, तर भाच्याच्या मुलांनी पुढे कधीतरी ते चित्र बघितलं असतं आणि म्हटलं असतं, "वा, राणी व्हिक्टोरिया!" बस्स. ती राणी लाखो लोकांकडे आहे. आईच्या गळ्यातून उतरलेली एकच.

भाच्याचं एक म्हणणं मात्र मला पटलं. माझं मूळ चित्र खूप काळपट आलं होतं, त्यात तो डाग असून नसल्यासारखा दिसत होता. त्याने फक्त उजेड वाढवला, पुसापुशी सगळी काढून टाकली, आणि आता डाक अशी स्पष्ट दिसते की कडी कुठल्या बाजूने तोडली तेही कळतं. म्हणजे त्याची कला वाया गेली नाही. लागली ती योग्य जागी.

त्यानंतर आम्ही आणखी एक काम वाढवलं. नाण्यांच्या दोन बाजूंबरोबर पुडीही स्कॅन करायची. भाची म्हणाली होती की मजकूर टाइप करून नाण्याखाली घालू, वाचायला बरं. तो घालतोच आहोत. पण "पुसेगाव यात्रा, म्हातारीने दिला, ६६" असं दादाने पेन्सिलने लिहिलेलं असतं, त्यातल्या ६ चं पोट नेहमीचं फुगलेलं, ते टाइप करून कसं येणार? पेन्सिल पुसट झालीय, काही पुड्यांना पावसाळ्यात बुरशी धरलीय. नाणी अजून शंभर वर्षं टिकतील. पुड्यांना तेवढी सवड नाही, म्हणून आता पुड्या आधी आणि नाणी नंतर.

आजवर १३१ नाणी झाली. दिवसाला चारपेक्षा जास्त होत नाहीत, पाठ धरते. वाटण्या दिवाळीनंतर. आईचा रुपया कुणाच्या वाट्याला जाईल याची चिठ्ठी टाकायची असं तिघांनी आपापसांत ठरवलंय, आणि ज्याला मिळेल त्याने दर लक्ष्मीपूजनाला तो पूजेत मांडून त्याचा फोटो बाकीच्या दोघांना पाठवायचा.

स्कॅनरमध्ये एकच गोष्ट येत नाही. रुपया दगडावर टाकल्यावर येणारा खणखणीत आवाज. आपण नाणं वाजवून घेणारी माणसं, त्यामुळे ही उणीव जाणवते. मुलगा म्हणतो, मोबाईलवर आवाज टिपून चित्राशेजारी ठेवू. ठेवूया की!

तुमच्याकडेही असा डबा, बटवा, निदान आजीच्या ट्रंकेच्या तळाशी चार पैसे असतीलच. चित्रं जरूर काढा. आणि त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून एकेक नाणं त्यांच्या हातात द्या, विचारा, आणि ते काय म्हणतात ते पुडीवर लिहून ठेवा. काय काय निघालं ते मलाही कळवा. वाट बघते.